संगीत कळत नसेल तर उद्यानातल्या मोफत मैफलीला जावे का?

आपण विचारले आहे की, नोकरीनिमित्त बेळगावात नव्याने आलो आहोत, शास्त्रीय संगीतातले काही कळत नाही, तर उन्हाळ्यात उद्यानात होणाऱ्या मोफत मैफलीला वयस्कर आईला घेऊन जावे का. अवश्य जावे. मात्र साडेसहाची वेळ दिली असेल तर सहालाच जाऊन बसावे, कारण मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग निवेदकाने माईक हाती घेण्याआधीच सुरू होतो.

तो भाग म्हणजे वाद्ये लावणे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर असल्याने मे महिन्यातही ऊन उतरले की हवा पटकन गार आणि दमट होते. गारव्याने तानपुऱ्याच्या तारा आखडून स्वर चढतो, तर दमट हवेने तबल्याचे चामडे सैलावून त्याचा स्वर उतरतो. म्हणजे दोन्ही वाद्ये एकमेकांपासून दूर जाऊ लागतात. तबलजी कान तबल्याजवळ नेऊन, गजऱ्यावर, म्हणजे काठाच्या चामडी वेणीवर, हातोडीचे हलके ठोके देत, एकेक घर तपासत तबला फिरवतो आणि तानपुऱ्यावर बसलेली मुलगी तारेखालचा मणी केसभर सरकवते. बंद सभागृहात हे काम बहुधा पडद्याआड उरकलेले असते, येथे ते आपल्या डोळ्यांदेखत आणि तेही कार्यक्रमात दोन-तीनदा घडते. ज्याला रागाचे नाव ठाऊक नाही, त्यालाही बेसूर आणि सुरेल यांतला फरक या दहा मिनिटांत ऐकू येऊ लागतो. माझे स्वतःचे ऐकणे येथूनच सुरू झाले.

दुसरी गोष्ट वेळेची. पूरियाधनाश्री हा सूर्यास्ताच्या सुमाराचा राग आहे, असे मी अनेकदा वाचले होते. पण झाडांवर पाखरांचा कलकलाट विरत आला आहे, वटवाघळे बाहेर पडू लागली आहेत आणि दिवे अजून लागलेले नाहीत, अशा वेळी तो ऐकला तेव्हाच त्यातील कोमल रिषभाने, म्हणजे किंचित उतरलेल्या ‘रे’ने, पोटात काय हलते, ते मला समजले.

गेल्या वर्षी मेमध्ये अशाच एका कार्यक्रमात वळिवाने गाठले. आधी वारा सुटला, सतरंजीची टोके उडू लागली आणि थेंब पडताच माईक बंद करावा लागला. बरेच लोक निघून गेले. श्रोत्यांपैकीच चौघांनी पेटी आणि तबला उचलून उद्यानातल्या मंडपात नेला, तानपुरे साड्यांच्या पदरांखालून गेले, आणि उरलेले आम्ही पन्नासेक जण गायिकेभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसलो. ध्वनिवर्धक नव्हता. त्यांनी आधी तुकोबांचा अभंग म्हटला आणि त्याला लागूनच पुरंदरदासांचे दासरपद, म्हणजे कन्नड भक्तिपद. माझ्या शेजारच्या आक्का अभंगाला टाळी देत होत्या, त्यांनी दासरपदालाही तोच हात चालू ठेवला, आणि पलीकडच्या कन्नड कुटुंबाने अभंगाच्या वेळी धरलेला ठेका सोडला नाही. भीमसेन जोशी संतवाणी आणि दासवाणी दोन्ही गात असत आणि कुमार गंधर्वांचा जन्म 1924 साली येथल्याच सुळेभावीचा, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण त्या मंडपात ते सांगण्याची कोणाला गरज भासली नाही. पत्र्यावर पाऊस वाजत असताना गायिकेचा आवाज, मध्ये कोणतेही यंत्र न येता, माझ्यापर्यंत आला, याचे समाधान मला अजून पुरते आहे.

आता बसण्याविषयी. मागच्या कठड्याजवळ गप्पा, चुरमुरे आणि मुलांचे खेळणे चालू असते, आणि त्यात काही वावगेही नाही. पण ऐकायचे असेल तर व्यासपीठापासून दहा-पंधरा पावलांवर, मध्यभागी आणि ध्वनिवर्धकाच्या थेट समोर येणार नाही असे बसावे. उघड्यावर आवाज परत फेकायला भिंती नसतात, त्यामुळे लांब गेले की गळ्यातल्या बारीक हरकती हरवतात. आईंसाठी घडीची खुर्ची न्यावी आणि ती सतरंजीच्या कडेला ठेवावी, म्हणजे मागच्यांची अडचण होत नाही. शाल आणि छत्री बरोबर असावीच. फाटकापाशी खानापूरकडच्या बायका पानाच्या द्रोणात करवंदे विकतात, ती मध्यंतरात घ्यावीत.

रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला परवानगी नसल्याने साडेनऊच्या सुमारास समारोपाची भैरवी सुरू होते. परतीची रिक्षा आधीच सांगून ठेवावी, म्हणजे भैरवी चालू असताना आईंना उठावे लागणार नाही.