अर्धी कवळी किती वर्षं टिकते? आईची सहा वर्षांची आहे, बदलावी का?

अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे कडक प्लॅस्टिकची असेल तर सहा वर्षं म्हणजे तिचं आयुष्य बहुधा संपलंय. अशी कवळी साधारण ३ ते ५ वर्षं चालते, कोबाल्ट-क्रोम धातूच्या सांगाड्याची ५ ते १० वर्षं. लवचिक नायलॉनची मोडत नाही सहसा, पण तिला आतून नवा थर देणं कठीण.

वर्षांपेक्षा हिरडीकडे बघा. दात काढलेल्या जागचं हाड झिजत राहतं, कवळी मात्र तशीच राहते. मग खाली पोकळी होते, कवळी डुलते आणि भाकरी चावताना तिला धरून ठेवणाऱ्या तारेचा सगळा ताण आधाराच्या दातावर येतो. तो दात हलू लागला तर नुकसान कवळीपेक्षा मोठं. म्हणून सैल वाटली की लगेच दाखवा. नुसती तार सैल असेल तर डॉक्टर ती आवळून देतात, पोकळी असेल तर रिलाइनिंग करतात, म्हणजे आतून नवा थर देतात. घरी पकडीनं तार वाकवू नका, फेविक्विक तर अजिबात नको.

तडा, झिजलेले दात, पुन्हा पुन्हा होणारी जखम किंवा आधाराचा दात पडणं, यातलं काही असेल तर नवी करायचा विचार करा. दोन आठवड्यांत न भरणारी जखम आधी तपासून घ्या, निपाणी-चिकोडीकडं तंबाखू खाणाऱ्यांनी तर नक्कीच.

रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. गरम पाण्यानं अ‍ॅक्रिलिक वाकतं. टूथपेस्टनं ओरखडे पडतात, मऊ ब्रश आणि साबण पुरे. बेळगावात केएलईच्या दंत महाविद्यालयात कृत्रिम दातांचा वेगळा विभाग आहे. जाताना जुनी कवळी घेऊन जा.