छर्रा किती जोरात आणि छर्रा नेमका कुठे: रायफलवाल्यांचे प्रश्न

मागच्या वेळी वेगाबद्दल मी दोनच ओळी लिहिल्या होत्या, पण त्यानंतर आलेले बहुतेक प्रश्न फिरून तिथेच येतात, की वेग वाढवला तर नेम सुधारतो का. मी इतकी वर्षं रेंजवर मुलांना शिकवतेय आणि माझं म्हणणं बदललेलं नाही, वेग किती ते नंतर बघा, दर शॉटला तोच वेग येतोय का ते आधी बघा. आता एकेक प्रश्न घेते.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे, तिला १० मीटर एअर रायफल सुरू करायचीय. दुकानदार म्हणतो जास्त पॉवरची घ्या, १००० एफपीएसवाली (सेकंदाला १००० फूट वेगाची), म्हणजे छर्रा सरळ जातो. घेऊ का? (सिडकोतून एक बाबा)

नका घेऊ दादा. ऑलिंपिकला जी १० मीटर एअर रायफल चालते तिचा वेग साधारण १७० मीटर पर सेकंद असतो, म्हणजे ५६० एफपीएसच्या आसपास, आणि त्याच वेगावर आपल्या अभिनव बिंद्रानं २००८ ला बीजिंगमध्ये गोल्ड आणलं. कागदाला भोक पाडायला यापेक्षा जोर लागतच नाही.

आता त्या १००० चा हिशोब बघा. आपल्याकडे ०.१७७ बोअर, म्हणजे ४.५ मिलिमीटरची एअर गन विनालायसन चालते ती २० ज्यूलपर्यंतच. मॅचचा छर्रा असतो साधारण ०.५३ ग्रॅमचा. तो १००० एफपीएसनं, म्हणजे ३०५ मीटर पर सेकंदानं सुटला तर ऊर्जा होते साडेचोवीस ज्यूलच्या वर. म्हणजे एकतर ती बंदूक कायद्याच्या बाहेर आहे, नाहीतर तो आकडा हलक्या अलॉयच्या छर्‍यावर काढून डब्यावर छापलाय. हलका छर्रा पटकन सुटतो खरा पण पुढे लवकर मंदावतो आणि ग्रुप, म्हणजे लागोपाठच्या शॉटच्या भोकांचा पुंजका, पसरतो.

दुसरं म्हणजे स्प्रिंगवाल्या बंदुकीत छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच आतला पिस्टन पुढे धावून आपटतो, बंदूक आधी मागे मग पुढे अशी हलते, स्प्रिंग जितकी कडक तितका हा धक्का मोठा, आणि सातवीतल्या मुलीला ती नळी खाली दुमडून लोड करतानाच घाम फुटतो, दहाव्या शॉटला हात थरथरायला लागतात, मग नेम काय शिकणार ती. पहिले सहा महिने क्लबची रायफल वापरू द्या. नंतर घ्यायचीच तर कमी वेगाची, हलक्या ट्रिगरची घ्या.

प्रश्न : ताई, क्रोनोवर (वेग मोजायच्या यंत्रावर) माझ्या पीसीपीचा (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणार्‍या रायफलचा) वेग १६८ ते १७४ मध्ये फिरतो. एवढा फरक चालतो का? ग्रुप कधी कधी उभा पसरतो. (पंचवटी, ज्युनिअर गटातला मुलगा)

तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे, उभा पसरतो हे तू लिहिलंस म्हणून बरं झालं. वेगाच्या चुकीनं छर्रा वर-खाली जातो, डावी-उजवीकडे जात नाही. आडवा पसरला असता तर मी तुला ट्रिगरचं बोट आणि पोझिशन बघायला सांगितलं असतं.

हिशोब करू. १६८ नं सुटलेला छर्रा १० मीटर जायला ०.०५९५ सेकंद घेतो आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षणानं साधारण १७.४ मिलिमीटर खाली येतो, १७४ नं सुटलेला १६.२ येतो (हवेचा अडथळा सोडून दिलाय, फरक काढायला एवढं पुरतं). फरक १.२ मिलिमीटरचा. आता टार्गेट बघ, टेनचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि दोन रिंगांमध्ये अंतर अडीच मिलिमीटर, म्हणजे तू काहीही न चुकता जवळजवळ अर्धा पॉइंट जातोय. डेसिमल स्कोअरिंगमध्ये (पॉइंटचे दहावे भागही मोजतात त्यात) १०.६ चा शॉट १०.१ होतो. साठ शॉटच्या मॅचमध्ये हे परवडत नाही, फरक २ मीटर पर सेकंदात आला पाहिजे, मग तो ०.४ मिलिमीटरवर येतो.

हे मी स्वतः भोगलंय. एका सीझनला माझे शॉट मधूनच खाली जायला लागले, सात चांगले, एक खाली, परत चार चांगले. मला वाटलं श्वास सुटतोय. दोन महिने श्वासावर काम केलं, प्राणायाम वाढवला, चहा बंद केला, डायरीत रोज तेच, "खाली, श्वास". शेवटी सातपूरच्या एका वर्कशॉपवाल्या मित्रानं पक्का व्हाइस बनवून दिला, रायफल त्यात आवळली, माणूस बाजूला, नुसता ट्रिगर दाबायचा, आणि तरी आठवा शॉट खाली. क्रोनो लावला तर तो शॉट पाच मीटर पर सेकंदानं मंद. रेग्युलेटरचं, म्हणजे दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणार्‍या भागाचं, सील गेलं होतं. माणसाचे दोन महिने गेले आणि वस्तू रबराची छोटीशी रिंग.

म्हणून आधी व्हाइसमध्ये लाव. मग सिलिंडरचा दाब बघ, २०० बारला भरलेला फार खाली उतरला की रेग्युलेटर हातपाय गाळतो. सिलिंडरवरची मुदतीची तारीखही बघून घे, संपली असेल तर स्पर्धेत चालत नाही आणि तसाही तो वापरू नये. मग छर्रा नळीत बसवताना रोज एकाच जोरानं, तिरका न जाता बसतोय का ते बघ. हे सगळं नीट असेल तर रेग्युलेटर जाणकाराकडून उघडून घे, स्वतः उघडू नको, आत दाब असतो.

प्रश्न : मी अंबडला सीएनसीवर आहे, मायक्रोमीटर हातातला. छर्रे वजन करून वेगळे केले तर नेम सुधारेल का?

सुधारेल पण तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा कमी. वजन दोन टक्के इकडेतिकडे झालं तर वेग एक टक्का हलतो, १० मीटरवर तिसरा हिस्सा मिलिमीटर. चांगल्या मॅच छर्‍याच्या डब्यात एवढा फरक क्वचितच निघतो.

छर्‍याचं डोकं आणि तुमची नळी यांचं जमतं का ते जास्त महत्त्वाचं. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं लिहिलेलं असतं, त्यातला कुठला कुठल्या नळीला आवडेल ते आधी सांगता येत नाही, मारूनच बघावं लागतं. आपल्याकडे निर्यातीच्या द्राक्षाला बागेत रिंग लावून मणी बघतात ना, तसंच आहे हे, घड वजनाला भारी असला तरी मणी साइजला बसला नाही तर पेटीत जात नाही. तुमच्या मायक्रोमीटरनं मात्र छर्रा मोजू नका, शिसं इतकं मऊ की दाबला की आकार गेला. नुसतं बोटावर फिरवून मागचा घेर बघा, चेपलेला असेल तर बाजूला काढा. वजनकाट्यापेक्षा या एका सवयीनं जास्त पॉइंट वाचतात.

बॅच टेस्ट करताना तीन शॉटचा ग्रुप बघून खूश होऊ नका. तीन शॉट योगायोगानं एका भोकात जातात. व्हाइसमध्ये दहा-दहा शॉटचे निदान पाच ग्रुप मारा, मग ठरवा, आणि ठरलं की त्याच लॉटचे (एकाच वेळी बनलेल्या मालाचे) वर्षभर पुरतील एवढे डबे एकदम उचला.

प्रश्न : माझा पुतण्या टेक्सासला असतो, तिथं ०.३०८ ची काडतुसं स्वतः भरतो. पावडर वाढवत गेला तसा वेग वाढला पण ग्रुप मात्र फुटला. असं का होतं? आणि आपल्याकडे हे करता येईल का? (नाशिकरोड)

दुसर्‍याचं उत्तर आधी देते. नाही. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो, तुमच्याकडे रायफलचं लायसन आहे म्हणून घरी काडतूस भरता येत नाही. विषय संपला.

आता पुतण्याचं. गोळी सुटते तेव्हा नळी स्थिर नसते, दाबानं ती पाण्याच्या पाइपासारखी थरथरते, तोंड वर-खाली होत असतं. गोळी बाहेर पडताना तोंड या थरथरीत कुठे आहे त्यावर ती कुठे जाणार ते ठरतं. काही वेगांना गोळी अशा क्षणी बाहेर पडते की थोडा फरक पडला तरी ती जवळजवळ तिथंच लागते, काही वेगांना तोंड जोरात सरकत असतं, मग जरासा फरक लांब नेतो. लोकांना हे पटायला जड जातं पण सगळ्यात वेगवान लोड (काडतुसात भरलेली पावडर आणि गोळी यांची जोडणी) बहुतेक वेळा सगळ्यात अचूक नसतो.

वेग कामाचाच नाही असंही नाही. ८०० मीटर पर सेकंदाच्या गोळीत शॉटमागे १० मीटर पर सेकंदाचा फरक असेल तर १०० मीटरवर तो जेमतेम दोन मिलिमीटर दिसतो, ६०० मीटरवर तोच दहा सेंटिमीटरच्या आसपास जातो. लांबच्या नेमाला वेग हवा, कारण वार्‍याला ढकलायला वेळ कमी मिळतो, पण तो वेग सारखा नसेल तर सगळा फायदा गेला. पुतण्याला सांगा १०० मीटरवरचे ग्रुप बघून लोड ठरवू नकोस, क्रोनोवर कमीतकमी आणि जास्तीतजास्त वेगातलं अंतर बघ.

आणि हे मी हात जोडून सांगते, लोडिंगच्या पुस्तकात जी वरची मर्यादा दिलीय ती ओलांडायची नाही, खालून सुरुवात करून हळूहळू वर जायचं. केसच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) बुडाची प्रायमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी) चपटी दिसायला लागली, बोल्ट उघडायला जड जायला लागला की तिथंच थांबायचं, ती पावडर डोळ्याच्या चार इंचावर फुटत असते.

अजून एक, जो लोड थंडीत ठरवलाय तो उन्हाळ्यात पुन्हा तपासायचा. पावडर तापली की जोरात जळते, दाब आणि वेग दोन्ही वाढतात. आमच्या शेजारी देवळालीच्या तोफखान्यातून रिटायर झालेले एक काका राहतात, ते सांगतात की तोफ डागायच्या आधी चार्जचं (तोफेतल्या पावडरचं) तापमान बघून हिशोबात धरावं लागतं. तोफेला जे लागू ते रायफललाही लागू.

प्रश्न : ०.२२ प्रोनसाठी (पालथं झोपून मारायच्या प्रकारासाठी) हाय व्हेलॉसिटी घेऊ की स्टँडर्ड? पुढच्या महिन्यात वरळीला मॅच आहे, समुद्राचा वारा असतो म्हणून विचारतोय. (गंगापूर रोड)

स्टँडर्ड. हाय व्हेलॉसिटीची गोळी साधारण ३७५ मीटर पर सेकंदानं, म्हणजे आवाजापेक्षा वेगानं सुटते आणि ५० मीटर जाईपर्यंत आवाजाच्या वेगाखाली येते, ही हद्द ओलांडताना ती अस्थिर होते. स्टँडर्ड ३२०-३३० नं सुटते, ती पहिल्यापासून खालीच. निफाडला जानेवारीत पारा आठवर गेला तरी आवाजाचा वेग ३३५ च्या आसपास असतो, त्यामुळे ही गोळी तेव्हाही सुरक्षित.

वार्‍याचं उत्तर ऐकून बरेच जण माझ्याशी भांडतात. ०.२२ मध्ये ५० मीटरवर वेगवान गोळी वार्‍यानं जास्त सरकते, कमी नाही. कारण वारा गोळीला किती सरकवतो ते वाटेत अडथळ्यापायी तिचा किती वेळ वाया गेला त्यावर ठरतं, आणि आवाजाच्या वेगाच्या आसपास अडथळा एकदम वाढतो. तेव्हा पैसे वाचवा, चांगल्या स्टँडर्डचा एकच लॉट घ्या. आदल्या दिवशी वरळीला पोचून साइट परत झिरो करा (गोळी नेमावर लागेल अशी जुळवून घ्या), नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, वरळीची हवा दाट, इथलं सेटिंग तसंच ठेवू नका.

प्रश्न : छर्रे धुवून तेल लावावं का? (इंदिरानगर)

मॅचच्या रायफलला नको, तेल कधी कमी कधी जास्त लागतं आणि परत वेगात फरक येतो. स्प्रिंगवाल्या बंदुकीत तर तेल आतल्या गरम हवेनं पेटतं, एक शॉट भलताच जोरात जातो. छर्रे डब्यातून घ्या तसेच वापरा, पण ते शिसं आहे, सराव झाला की साबणानं हात धुतल्याशिवाय टिफिनला हात लावायचा नाही, लहान मुलं असतील तर त्यांचे हात समोर उभं राहून धुवून घ्या.