भंगारात घालण्याआधी

कारखाना आणि कारागिरी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त अमेरिकेत, इंडियाना राज्यात असतो. मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या रेसिंग गाड्या बांधणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे तो दर शनिवारी वेल्डिंग शिकायला जातो. त्यांचं चाळीसहून जास्त वर्षं चाललेलं वर्कशॉप आता बंद होतंय. हातात ऑर्डरी आहेत, पण डोळे आणि मनगटं साथ देत नाहीत आणि पुढे चालवणारं घरात कोणी नाही. चासीचा जिग, म्हणजे गाडीचा सांगाडा ज्यावर जुळवून वेल्ड करतात तो साचा, तू नेतोस का, असं त्यांनी भावाला विचारलंय. जहाजाने न्हावाशेवाला पाठवून बाबांच्या रबाळेतल्या गाळ्यात ठेवायचा, असं भाऊ म्हणतो. बाबा म्हणतात, एवढं लोखंड समुद्रापलीकडून आणून करणार काय? आणि आईला कळत नाही की मातीची शर्यत म्हणजे आपल्या बैलगाडा शर्यतीसारखं काही असतं का. काय करावं?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, तुमचं पत्र आलं त्या दुपारी मी कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात सात लोकेटिंग पिना आहेत, जिगमध्ये काम नेमक्या जागी धरून ठेवणाऱ्या. त्यांच्याकडे येतोच, पण आधी आईंचा प्रश्न.

बैलगाडा सरळ घाटात पळतो. या गाड्या लंबगोल ट्रॅकवर धावतात आणि कायम डावीकडेच वळतात. त्यांतली जी 'स्प्रिंट कार' म्हणतात, तिचं वजन आपल्या नॅनोएवढं, साधारण साडेसहाशे किलो. इंजिन मात्र 410 घन इंचांचं, म्हणजे पावणेसात लिटरच्या आसपास, आणि ताकद 900 अश्वशक्तीच्या घरात. पेट्रोल नाही, मिथेनॉल. स्टार्टर नाही, क्लच नाही, आपल्या गाडीसारखा गिअरबॉक्सही नाही. मागून दुसऱ्या गाडीने ढकलायची, तेव्हा ती सुरू होते. डोक्यावर पाच फूट बाय पाच फुटांचा पत्र्याचा पंख असतो, तो गाडीला मातीवर दाबून धरतो.

ती वळते कशी, हे आईंना घरातच दाखवता येईल. तोंड रुंद आणि बूड अरुंद असलेलं फुलपात्र फरशीवर आडवं करून हलकेच ढकला. ते सरळ जाणार नाही, बुडाच्या बाजूला गोल फिरेल. या गाडीची मागची दोन्ही चाकं एकाच अखंड धुऱ्यावर बसतात, मध्ये दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शिअल नसतो. उजवं चाक मोठ्या घेराचं, डावं लहान. म्हणजे फुलपात्रच. गाडी आपणहून डावीकडे ओढते आणि वळणात मागचा भाग बाहेर घसरत असताना चालक स्टिअरिंग उजवीकडे धरून असतो.

बांधणाऱ्याचं खरं काम इथून पुढे. संध्याकाळी ट्रॅकवर पाणी मारलेलं असतं, माती ओली आणि घट्ट, चाकाला पकड मिळते. रात्र चढते तशी तीच माती सुकून, टायरखाली घासून काळी गुळगुळीत होते. सात वाजता चांगली चाललेली गाडी दहा वाजता भलतीकडे घसरते. मग टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणारी पिळदार सळई, बदला, चाक थोडं आत-बाहेर घ्या, घेरातला फरक कमी-जास्त करा. आणि हे सगळं ज्यावर बसतं तो नळ्यांचा सांगाडाही ठोकळ्यासारखा ताठ असून चालत नाही, त्याने थोडं द्यावं लागतं. किती द्यावं, कुठली नळी जाड घ्यावी, कुठली पातळ, हे बांधणाऱ्याला वर्षानुवर्षं पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत उभं राहून, परत आलेल्या वाकड्या गाड्या सरळ करून कळलेलं असतं.

हे शॉप एकटंदुकटं नाही, त्यामागे मोठं घराणं आहे. कॅलिफोर्नियात ग्लेनडेलला फ्रँक कर्टिस यांच्या शॉपमधून लहान 'मिजेट' गाड्या शेकड्यांनी बाहेर पडल्या. 1952 साली इंडियानापोलिसची 500 मैलांची शर्यत ट्रॉय रटमन यांनी जिंकली, ती एडी कुझ्मा यांनी बांधलेल्या गाडीत. ट्रॅक पक्का, पण गाडी मातीच्या जातीची. त्यानंतर तिथे मातीची गाडी पुन्हा जिंकली नाही. 1970 पर्यंत अमेरिकेच्या राष्ट्रीय अजिंक्यपदात मातीवरच्या शर्यतीही धरल्या जात, पुढच्या वर्षी त्या वेगळ्या काढल्या. मातीवरची शर्यत मात्र संपली नाही, म्हणून तर तुमच्या भावाच्या गुरुजींकडे आजही ऑर्डरी आहेत.

ऑर्डरी असून बंद का, हे मला समजावून सांगावं लागत नाही. मी ठाण्याच्या वागळे इस्टेटला 34 वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे जिग आणि साचे बनवणाऱ्या विभागात काढली. एमआयडीसीची सुरुवात 1962 साली जिथून झाली, ती ही वसाहत. रोड नंबर सोळावरून चालत गेलं तर एका बाजूला लेथचा आवाज, दुसऱ्या बाजूला प्रेसचा. आता तिथे काचेच्या इमारती आहेत. आमचा कारखाना बंद झाला तेव्हाही काम होतं. थोरले मालक थकले, मुलांना जागेचे पैसे शेडच्या उत्पन्नापेक्षा मोठे दिसले. त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. दुःख आहे ते पुढच्या चार दिवसांचं. त्या चार दिवसांत आमचे सगळे जिग किलोवर गेले. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या फोरमननी एकेक जिग महिना-महिना घासून जुळवलेला. काट्यावर टाकताना कोणी विचारलंही नाही की हा कशाचा. मी ट्रक भरताना सात पिना खिशात घातल्या.

आणि ताई, आज त्या पिनांतली कुठली कुठल्या भोकात बसायची, हे मला सांगता येत नाही. मी स्वतः घातल्या-काढल्या आहेत, तरी सांगता येत नाही. लिहून ठेवलं नव्हतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर : जिग रबाळेला आणू नका. बाबा बरोबर आहेत, पण त्यांचं कारण बरोबर नाही. चासीचा जिग म्हणजे सपाट, जड टेबल आणि त्यावर उभे केलेले टेकू. प्रत्येक नळी कुठे बसायची ते टेकू ठरवतात. तो जिग त्या मातीसाठी, तिथल्या नियमांसाठी, तिथे मिळणाऱ्या इंजिनासाठी जुळवलाय. रबाळेच्या गाळ्यात तो पावसाळ्यात गंजेल आणि पाच वर्षांनी तुमचेच बाबा काटा मागवतील. तिथला एखादा बांधणारा, गुरुजींना पसंत पडेल असा, त्याच्याकडे तो जाऊ दे. भावाने गुरुजींशी हे स्पष्ट बोलावं. त्यांना नकाराचं वाईट वाटणार नाही, जिग चालू राहतोय याचं बरं वाटेल.

भावाने घ्यायचं ते वेगळं. शटर खाली यायच्या आत त्या जिगवर एक सांगाडा गुरुजींसोबत पहिल्या नळीपासून शेवटपर्यंत बांधावा. ऑर्डर आहेच. गुरुजींनी खुर्चीवर बसून सांगावं, हात भावाचे. प्रत्येक टेकूवर नंबर पंच करावा, रंगाने लिहू नये, रंग उडतो. नंबरासमोर वहीत माप आणि 'का' हे लिहावं. जिगवरच्या जुन्या खुणा, खरवडलेले आकडे, बुजवून पुन्हा पाडलेली भोकं यांचे फोटो काढावेत. बुजवलेलं भोक म्हणजे बदललेला विचार असतो. तो का बदलला हे विचारावं. वहीची एक प्रत जिगबरोबर जावी, एक भावाकडे राहावी.

आणि एक गोष्ट आवर्जून. त्या गाड्यांचा सांगाडा बहुधा 4130 क्रोमोली पोलादाचा असतो, नळीची भिंत अडीच मिलिमीटरच्याही आत. वेल्ड थंड होताना आकसतो आणि सांगाडा आपल्याकडे ओढतो. म्हणून आधी सगळीकडे टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके मारायचे, मग या कोपऱ्यात एक सांधा, समोरच्या कोपऱ्यात दुसरा, असं फिरत जायचं. जुने कारागीर याच्याही पुढे जातात. वेल्ड किती ओढणार हे धरून ते नळी मुद्दाम तेवढी उलटीकडे बसवतात, मग थंड झाल्यावर ती बरोबर जागेवर येते. कुठल्या सांध्याला किती सोडायचं, हे जिगवर दिसत नाही. आमचे फोरमनही सोडायचे. मी अकरा वर्षं शेजारी उभा होतो आणि विचारलं नाही. तुमच्या भावाला विचारायला सांगा, याच शनिवारी.

प्रश्न : मुलाने जुनी जिप्सी घेतली आहे. हौशी रॅलीत उतरायचं म्हणून रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा पिंजरा बसवतोय. फर्निचरवाला वेल्डर निम्म्या पैशांत करून देतो म्हणतो. चालेल का?
— एक पालक, कोलशेत

उत्तर : नाही. फर्निचरचा पाइप पत्रा वळवून शिवण मारलेला असतो, गाडी उलटली की शिवणीत फाटू शकतो. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमात शिवण नसलेली, कोल्ड ड्रॉन, म्हणजे थंडच ओढून काढलेली कार्बन स्टीलची नळी लागते. मुख्य कमान 45 मिमी व्यास आणि 2.5 मिमी जाडी किंवा 50 बाय 2, बाकीच्या बहुतेक नळ्या 38 बाय 2.5 किंवा 40 बाय 2. वाक नळीच्या व्यासाच्या तिप्पट त्रिज्येहून आवळ नको आणि वाकवलेल्या जागी नळी चेपलेली नको. कळंबोलीच्या लोखंड बाजारात 'सीडीएस सिमलेस' म्हणून मागा आणि टेस्ट सर्टिफिकेट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. ज्या स्पर्धेत उतरायचं तिचे नियम वेल्डिंगच्या आधी वाचा, नंतर नाही. आणि केज बसवलेली गाडी मुलाने हेल्मेटशिवाय घोडबंदर रोडवर फिरवू नये. साध्या धडकेतही डोकं त्या नळीवर आपटतं, डोक्याजवळच्या नळ्यांना पॅडिंग हवंच.