'उपजत कान नाही' हे ठरवलं कोणी?

प्रश्न : मी परभणीत बारावीला आहे. गायनाची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली. भूप आणि देशकार या रागांतला फरक पेपरात बिनचूक लिहिला, पण बाबांनी मोबाइलवर दोन्ही लावले तेव्हा ओळखता आला नाही. गंगाखेडजवळच्या आमच्या गावी भजन म्हणणारे, कधीच क्लासला न गेलेले आजोबा मात्र लगेच म्हणाले, "एक खाली बसून गायलंय, दुसरं वरच घुटमळायलंय." बाबा म्हणतात, "तुला उपजत कान नाही. गाणं सोड, 'नीट' परीक्षेचं बघ." काय करू?

उत्तर : भूप-देशकाराचं नंतर बघू. बारावीतल्या मुलीला 'तुला कानच नाही' असं सांगून टाकणं मला फार खटकलं. दोन मिनिटांच्या चाचणीवर एवढा मोठा निकाल? हे उत्तर बाबांना जरूर वाचायला दे. नीट द्यायची तर डॉक्टर व्हायचंय म्हणून दे. घरात कोणी गाण्यात नापास ठरवलं म्हणून देऊ नकोस.

आता 'उपजत'बद्दल. आजोबांचा कान जन्माबरोबर आलेला नाही. पहाटेच्या काकड्यापासून संध्याकाळच्या हरिपाठापर्यंत, सप्ताहामागून सप्ताह, टाळकऱ्यांत उभं राहून तो घडलाय. ही तालीमच आहे, फक्त तिला वही नव्हती. आणि गंमत बघ, ते बोलले तेच तू पेपरात लिहिलंस! पाचही स्वर तेच. भूपात गंधार (ग) वादी, म्हणजे मुख्य स्वर, म्हणून गाणं खाली पूर्वांगात, सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात रमतं. देशकारात धैवत (ध) वादी, म्हणून ते वर उत्तरांगात, वरच्या अर्ध्यात राहतं. तुला फरक पाठ करून दिला, पण पुरेसा ऐकवला नाही. ही शिकवण्यातली कसूर आहे, तुझ्या कानाची नाही.

तरी आजोबांचा शब्द शेवटचा नव्हे. त्यांचा कान पेटीवर पोसलाय. तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या, म्हणजे खालच्या 'सा'च्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. पेटीचा गंधार सहसा त्याहून किंचित चढा असतो. पेटीच्या सवयीला तानपुऱ्यातला खरा गंधार उतरलेला वाटू शकतो. तिथं शिक्षणच कामी येतं.

पुढे विशारद परीक्षा आहे, पुण्याच्या ललित कला केंद्रात पदवी आहे, ते होईल. आधी सुट्टीत गावी जा. एक दिवस फक्त भूप, दुसऱ्या दिवशी देशकार, वही बंद. आजोबांना विचार, "आता कुठं घुटमळायलंय?" ते हातानं दाखवतील. त्या जागेचं नाव तू त्यांना सांग.