पाठीवरचा काळा मस कॅन्सरचा नाही, हे तुकडा न तपासता डॉक्टरांना कसं कळतं?

वडील ६४ वर्षांचे, पाठीवरचा काळा खडबडीत मस वाढत चाललेला, आणि डॉक्टरांनी भिंगातून बघून ‘सेबोरिक केराटोसिस (निरुपद्रवी मस) आहे, घाबरू नका’ असं सांगून घरी पाठवलं. एवढ्यावर विश्वास ठेवायचा का, असं तुम्ही विचारलंय. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. तो मस मी पाहिलेला नाही, पण डॉक्टरांची पद्धत बरोबर आहे.

ते भिंग म्हणजे डर्मोस्कोप. तो साधारण दहापट मोठं दाखवतो, शिवाय त्वचेवरची चमक घालवतो, म्हणून वरच्या थराखालचा रंगही दिसतो. केराटोसिसमध्ये पांढरे बारीक ठिपके, काळपट भोकं आणि वेड्यावाकड्या खाचा दिसतात. कड स्पष्ट, जणू डिंकाने वरून चिकटवलाय. मेलॅनोमात, म्हणजे त्वचेच्या धोकादायक काळ्या कॅन्सरमध्ये, रंगाचं जाळं विस्कटलेलं असतं, मध्येच निळसर-पांढरा पडदा, एकाच बाजूला रेघा. मात्र एखाददुसरं लक्षण फसवतं. सगळं चित्र जुळावं लागतं.

काही गाठी तर भिंगाशिवायही ओळखू येतात. पायावरची तपकिरी कडक गाठ चिमटीत धरल्यावर आत खड्डा पडला, तर ती बहुधा डर्मॅटोफायब्रोमा. निरुपद्रवी.

आपल्या वर्णाच्या लोकांत मेलॅनोमा कमीच, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली, जिथे कुणी बघत नाही. गायक बॉब मार्लीचाही पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच सुरू झाला होता. १९८१मध्ये तो गेला. तळव्यावरच्या डागात रंग रेषांच्या खोलगट भागात असेल तर सहसा चिंता नसते. उंचवट्यांवर असेल तर मी थांबत नाही. आणखी एक चकवा म्हणजे बेसल सेल कार्सिनोमा, हाही त्वचेचाच कॅन्सर. आपल्याकडे तो बऱ्याचदा काळाच असतो आणि वर्षानुवर्षं तीळ म्हणून खपतो.

शंका राहिली, तर शक्यतो अख्खा मस १-२ मिलिमीटर कडेसह काढून पॅथॉलॉजीला पाठवतात. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, ही निव्वळ अफवा. खरा धोका चुना-सोडा लावण्यात आहे, आणि निदान न करताच लेझरने जाळून टाकण्यात. जळालेल्यातून पॅथॉलॉजिस्टला काय दिसणार?

आज मसाशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवा. एकाच कोपऱ्याचा रंग बदलला, आपोआप रक्त आलं किंवा न भरणारी जखम झाली, तर फोटो घेऊन लगेच त्याच डॉक्टरांकडे जा. आणि एकदा वडिलांचे तळपायही बघा.