बॉल्विनला जायचं की नाही: कूयाँगचं राजकारण आणि तुमचं घर

मेलबर्नला बॉल्विनमध्ये घर बघताय, पण तो लिबरल पक्षाचा (नाव उदारमतवादी, कल उजवा) बालेकिल्ला असल्याने बाहेरून आलेल्यांचं तिथे जमेल का, असं तुम्ही विचारलंय. बालेकिल्ला होता, हे खरं. पण ती माहिती आता शिळी झाली.

कूयाँग मतदारसंघात शहराच्या पूर्वेची सुखवस्तू उपनगरं येतात: क्यू, हॉथॉर्न, कॅम्बरवेल, बॉल्विन. 1901 पासून आजवर मजूर पक्षाला इथे एकदाही यश नाही. पंतप्रधान झालेले रॉबर्ट मेंझिस इथले खासदार 1934 ते 1966, त्यांच्यामागून अँड्र्यू पीकॉक 1994 पर्यंत. साठ वर्षांत माणसं दोनच! पक्षाचं तिकीट मिळालं की निकाल लागल्यातच जमा.

म्हणून इथले लोक परक्यांना पाण्यात पाहतात असं मात्र नाही. पीकॉक यांच्यानंतरचे पेट्रो जॉर्जिऊ ग्रीसमधल्या कोर्फूत जन्मलेले. आश्रय मागणाऱ्यांना कोठडीत डांबण्यावरून 2005 साली त्यांनी स्वतःच्याच पक्षाच्या पंतप्रधानांना, जॉन हॉवर्ड यांना, धोरण सैल करायला लावलं. सुरक्षित जागेवरचा खासदार एवढा ताठ उभा राहिलेला क्वचितच दिसतो.

गड पडला 2022 साली. इथले लिबरल खासदार जोश फ्रायडेनबर्ग तेव्हा देशाचे अर्थमंत्री. समोर अपक्ष मोनिक रायन, लहान मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टर. हवामानबदल आणि राजकारणातली सचोटी हे त्यांचे मुद्दे, आणि पंतप्रधान मॉरिसन यांच्यावर पारंपरिक लिबरल मतदारही वैतागलेला. पहिल्या पसंतीची मतं फ्रायडेनबर्ग यांनाच जास्त होती, बरं का. पण इथे उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा असतो, आणि बाद झालेल्या उमेदवाराची मतं पुढच्या पसंतीला जातात. मजूर आणि ग्रीन पक्षाच्या मतदारांची पुढची पसंती रायन यांच्याकडे वळली आणि त्या जिंकल्या. 2025 ला त्यांनी जागा राखली, पण अगदी थोडक्यात. तोवर शेजारचा हिगिन्स मतदारसंघ रद्द होऊन टूराक, मॅल्व्हर्नसारखे भाग कूयाँगला जोडले गेले होते, म्हणजे जुनं गणितही उरलं नव्हतं.

तुम्हाला यातलं मत द्यायला वेळ आहे. पीआरवर, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यावर, केंद्राच्या निवडणुकीत मत देता येत नाही. नागरिकत्वासाठी साधारण चार वर्षं वैध वास्तव्य लागतं, त्यातलं शेवटचं वर्ष पीआरवर. एकदा नागरिक झालात की मतदान सक्तीचं. टाळलं तर वीस डॉलर दंड.

त्यामुळे घर बघताना खासदार कुणाचा हे सोडा, शाळेची हद्द बघा, म्हणजे कुठल्या भागातल्या मुलांना त्या सरकारी शाळेत हक्काने प्रवेश मिळतो ते. बॉल्विन हायस्कूलच्या हद्दीतल्या घरांचे भाव त्या हद्दीपायीच चढलेले असतात, आणि एजंट 'शाळेजवळ' म्हणतो ते घर हद्दीत असेलच असं नाही, तेव्हा नेमका पत्ता तपासा. शिवाय टेम्पररी व्हिसावर येत असाल तर आधी बांधलेलं घर विकत घ्यायला 1 एप्रिल 2025 पासून बंदी आली आहे, म्हणजे सुरुवात भाड्यानेच. भारतीय शेजार हवा असेल तर पश्चिमेला टार्नीट, पॉइंट कुकही बघून घ्या. भाडंही बरंच कमी पडेल.