पुस्तक घेताना आधी छापल्याचं साल बघा

सातवा महिना लागलाय, कार्टमध्ये बाळाच्या संगोपनाची अकरा पुस्तकं पडून आहेत, कुठली घेऊ? असा प्रश्न आलाय. परदेशात जवळ आई नाही, सासूबाई नाहीत, शेजारी कोणाला विचारावं तर ओळख जेमतेम, मग पुस्तकांचाच आधार वाटतो हे मला अगदी कळतं, कारण माझ्या पहिल्या वेळी मीही नऊ पुस्तकं आणली होती आणि त्यातली सहा तर बाळ चालायला लागल्यावर पहिल्यांदा उघडली. दोन घ्या. फार तर तीन.

पहिलं एक जाडजूड, बालरोगतज्ज्ञांनी लिहिलेलं, अडलं की उघडून बघायचं पुस्तक, आणि ते तुम्ही राहता त्या देशातलंच हवं. भारतातून येताना बॅगेत टाकून आणलेलं इथे अर्धंच उपयोगी पडतं, लसींचं वेळापत्रकच बघा ना, भारतात बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, जन्मल्याबरोबर देतात, अमेरिकेत ती सरसकट देतच नाहीत. शिवाय ताप सेल्सियसमध्ये की फॅरनहाइटमध्ये, दूध औंसात की मिलीलिटरमध्ये, हे हिशोब रात्री दोन वाजता कोणाला जमणारेत!

आता साल. मैत्रिणीने प्रेमाने दिलेलं पुस्तक असेल तर आधी सुरुवातीची पानं उलटून कुठल्या सालची आवृत्ती आहे ते बघा. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं होतं की ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना शेंगदाणा तीन वर्षांपर्यंत देऊ नका, २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला, आणि २०१५ मध्ये लंडनचा एक मोठा अभ्यास आला त्यात तर उलटंच निघालं, अशा बाळांना लवकर दिला तर ॲलर्जीचं प्रमाण कमी होतं. म्हणजे २००५ चं पुस्तक कितीही चांगलं असलं तरी ह्या बाबतीत चुकीचंच सांगणार. झोपवण्याचंही तसंच, एके काळी चांगली चांगली पुस्तकं बाळाला पालथं झोपवा म्हणायची, अमेरिकेत १९९२ मध्ये तो सल्ला बदलला आणि आता दर वेळी पाठीवरच झोपवायचं, कारण पालथ्या झोपेत अचानक मृत्यूचा धोका वाढतो. आई फोनवर "आम्ही तर तुला पालथीच झोपवायचो" म्हणाली तर वाद घालू नका, तेव्हा पुस्तकातच तसं होतं म्हणावं, आणि नवीन पान फोटो काढून पाठवावं. माझ्या आईला हे पटलं, मी समजावत होते तेव्हा मात्र पटत नव्हतं.

पुस्तक चांगलं आहे का ते ओळखायची माझी एक युक्ती आहे. मागच्या सूचीत ताप शोधा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर लगेच डॉक्टरांना फोन करा, हे दोन ओळींत स्पष्ट सापडलं पाहिजे, नुसतं "काळजी घ्या" असेल तर ते पुस्तक घेऊच नका. मग बघा, पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं हे लिहिलंय का, आणि पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान सहा ओले नॅपी हवेत हे आहे का, कारण दूध पुरतंय की नाही ही धास्ती सगळ्यांनाच असते.

दुसरं पुस्तक स्तनपानाचं, जर पाजणार असाल तर. नवजात बाळ दिवसातून ८ ते १२ वेळा पितं, तेव्हा पहिल्याच आठवड्यापासून घड्याळ लावून पाजा म्हणणारं काही दिसलं तर सरळ कार्टमधून काढा. झोपेच्या ट्रेनिंगची, म्हणजे बाळाला आपलं आपण झोपायची सवय लावणारी पुस्तकं तर आत्ता नकोच, बाळ चार महिन्यांचं होण्याआधी त्यांचा काही उपयोग नाही, उगाच आपलं बाळ बिघडलंय असं वाटायला लागतं.

तिसरं घेतलंच तर बाळंतिणीच्या मनाबद्दलचं घ्या आणि ते नवऱ्याने वाचायचं. पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं वेगळं, आणि त्यानंतरही उदासी गेलीच नाही, झोप लागेना, बाळाकडे बघवेना तर ते वेगळं, डॉक्टरकडे जायचं असतं, आणि बहुतेक वेळा हे तिला स्वतःला कळतच नाही, जवळच्याला आधी दिसतं.

बाकी आठ लायब्ररीतून आणा, आणि जे काही वाचायचं ते आठव्या महिन्याच्या आत वाचून तापाच्या पानाला एक चिठ्ठी चिकटवून ठेवा.